अंगरख्याची बेतणी : एक उपेक्षित इतिहास

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकांमधून समाजाच्या उत्पत्तीविषयी, कुळांविषयी आणि श्रीसंत नामदेव महाराजांच्या चरित्राविषयी आजवर पुष्कळ लेखन झालेले आहे, व ते होणे योग्यच आहे. परंतु ज्या धंद्याने आपल्या पूर्वजांना गावगाड्यात स्थान दिले त्या धंद्यालाही स्वतःचा असा एक इतिहास आहे, तो कागदापेक्षा कापडात अधिक आहे, आणि तो वाचण्याची विद्या ज्यांच्या हाती आहे त्यांनीच तो लिहिलेला नाही, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. पोशाखांवर विद्वानांनी ग्रंथ लिहिले. डॉ. मोतीचंद्र यांचा प्राचीन भारतीय वेशभूषेवरील हिंदी ग्रंथ १९५० साली निघाला, आणि लगेच पुढच्या वर्षी डॉ. गो. स. घुर्ये यांचा भारतीय पोशाखावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. दोन्ही ग्रंथ मोठ्या योग्यतेचे आहेत. पण शिल्पे, चित्रे आणि पोथ्या यांवरून वस्त्र बाहेरून कसे दिसत होते हे जितके कळते, तितके ते आतून कसे बेतले होते हे कळत नाही. बेतणीचा विचार शिंप्यानेच करावयाचा आहे, आणि प्रस्तुत लेखात आम्ही तो आमच्या अल्प मतीप्रमाणे करीत आहोत.

त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात शिंप्याची गणना बलुतेदारांत न होता अलुतेदारांत झालेली आहे. याचे काही ज्ञातिबांधवांस वैषम्य वाटते. आम्हांस मात्र त्यात इतिहासाचा एक सरळ पुरावा दिसतो. कुणब्याला सुतार-लोहारावाचून पेरणी करता येत नव्हती. शिंप्यावाचून तो वर्ष काढू शकत होता. धोतर, लुगडे, उपरणे, घोंगडी या साऱ्यांना सुई लागत नाही. शिवलेले वस्त्र हे लग्नकार्याचे, शिलेदारीचे, दरबाराचे वस्त्र होते. म्हणजेच आपल्या पूर्वजांच्या हातून जे शिवले जाई, ते बहुतांशी मोलाचे आणि जपून ठेवण्याजोगे असे. त्यांच्या हत्यारांविषयी तर संशयच नको. नामदेव महाराजांची एकसष्ट पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. त्यांतील एका पदात गज, कातर, सुई आणि दोरा ही चारही साधने परमार्थाच्या रूपकात आलेली आहेत. आजच्या शिंप्याला त्यांतले एकही साधन परके वाटणार नाही.

हा विषय आज काढण्याचे कारण असे की, ऐतिहासिक पोशाख शिवून घेण्याची मागणी अलीकडे फार वाढलेली आहे. नाटके आणि चित्रपट यांची मागणी जुनीच आहे. पण शिवजयंतीच्या मिरवणुका, शाळांची संमेलने, ढोलपथके, इतकेच काय पण लग्नातील वराचा पोशाखसुद्धा आता ‘शिवकालीन’ किंवा ‘पेशवेकालीन’ हवा असतो. २०२४ साली शिवराज्याभिषेकाला साडेतीनशे वर्षे पूर्ण झाली, त्या सुमारास तर अनेक गावांतील कारागिरांना रात्री जागवून काम उरकावे लागले. गिऱ्हाईक येते ते हातात एखादे चित्र घेऊन, आणि म्हणते, “असाच शिवून द्या.” ते चित्र बहुधा चित्रपटातले असते. चित्रपटवाल्याने ते नाटकावरून घेतलेले, नाटकवाल्याने दिनदर्शिकेवरून, आणि दिनदर्शिकेच्या चित्रकाराने आपल्या कल्पनेवरून. शेवटी जे हाती येते तो चालू पद्धतीचा सदरा असतो. त्याला चमकदार गोट आणि छातीवर शोभेचे दोन बंद लावलेले असतात. पैसे मिळतात, गिऱ्हाईक खूष होते. आमचा आक्षेप पैशाला नाही. पण अंगरखा म्हणजे काय हे ज्या जातीला ठाऊक असावयाचे, तिच्याच हातून तो शब्द पुसला जावा, हे आम्हांस बरे वाटत नाही.

प्रथम एका जुन्या गैरसमजाचा निकाल लावू. शिवलेले कपडे मुसलमानी अंमलाबरोबर या देशात आले, त्यापूर्वी सर्व लोक केवळ नेसत व पांघरत, असे पूर्वी काही पाश्चात्त्य लेखकांनी लिहिले आणि आपल्याकडील शिकलेल्यांनी ते खरे मानले. मोहेंजोदडोच्या उत्खननात सुया सापडलेल्या आहेत. अमरकोशात शिंप्याला ‘तुन्नवाय’ आणि ‘सौचिक’ असे दोन शब्द दिलेले आहेत. धंदा नसता तर त्याला दोन नावे कशाला पडली असती? बौद्ध भिक्षूंचे चीवर तर तुकडे जोडूनच करावयाचे असा विनयाचा नियम आहे, आणि मगधातील भातखाचरांचे बांध पाहून त्या नमुन्यावर चीवराची जोडणी आनंदाने बसविली, अशी कथा तेथे आलेली आहे. मथुरेच्या संग्रहालयातील कनिष्काचा मस्तकहीन पुतळा पायघोळ डगला आणि जड जोडे घालून उभा आहे. समुद्रगुप्ताच्या नाण्यांवर राजा डगला आणि विजार घालून दिसतो. आणि आपल्या महाराष्ट्रात अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातच लांब बाह्यांचे शिवलेले वस्त्र घातलेली नर्तकी आहे, व छतावर डगले आणि टोप्या घातलेले परदेशी पाहुणेही आहेत. हे सर्व पाचव्या शतकाच्या अलीकडचे नव्हे. तेव्हा सुई परकी नाही. परके असतील तर काही काप आणि काही नावे. जामा, पायजमा, शेरवाणी हे शब्द फारसी वळणाचे आहेत. अंगरखा हा मात्र अंगाचे रक्षण करणारा, आपल्याच भाषेतला शब्द आहे.

बेतणीसंबंधी लेखी पुरावा शोधू गेल्यास सर्वांत उत्तम साधन अकबराच्या दरबारातील अबुल फजल याच्या ‘आईन-इ-अकबरी’त सापडते. या ग्रंथकाराने हत्तीखान्यापासून मुदपाकखान्यापर्यंत सर्व गोष्टींची मोजदाद केली, तशी पोशाखाचीही केली. ‘तकौचिया’ नावाचा एक बिनअस्तरी, हिंदी वळणाचा अंगरखा तो वर्णन करतो. पूर्वी त्याच्या घेराला चिरा असत आणि तो डावीकडे बांधीत. बादशहाने घेर गोल करवून बंद उजवीकडे घेण्याची आज्ञा केली, असे तो सांगतो. पुढे तो कापडाचा हिशेबच देतो: सात गज आणि सात गिरह कापड, शिवाय गोटाला पाच गिरह. सोळा गिरहांचा एक गज धरला तर हा अंगरखा साध्या सदऱ्याच्या कितीतरी पट कापड खात असे. साधी शिलाई एक रुपयापासून तीन रुपयांपर्यंत, आणि शिवण नक्षीची असल्यास पावणेपाच रुपयांपर्यंत. रेशीम एक मिस्काल. हे वाचताना आम्हांस असे वाटले की, अबुल फजलाने हा तपशील एखाद्या शिंप्याला समोर बसवूनच लिहून घेतला असावा. कारण गोटाला वेगळे किती लागते हा प्रश्न दुसऱ्या कोणाला सुचत नाही. पण त्या शिंप्याचे नाव त्याने दिलेले नाही.

डाव्या-उजव्या बंदांचा हा प्रश्न क्षुल्लक समजू नये. मोगल काळातील चित्रांत हिंदू सरदारांचे जामे डाव्या बगलेत आणि मुसलमान सरदारांचे उजव्या बगलेत बांधलेले दिसतात, व चित्रातील व्यक्ती ओळखण्यास संशोधकांना या खुणेचा उपयोग होतो. आता गंमत पाहा. जुन्या चित्रावरून तांब्याच्या पत्र्यावर ठसा कोरताना कोरणारा समोरचे चित्र जसेच्या तसे कोरतो आणि छापताना ते उलटे उमटते. अशा छापील चित्रावरून जो अंगरखा शिवील तो बंद नेमके दुसऱ्या बाजूला लावील, आणि तलवारही चुकीच्या कमरेला लटकवील. तेव्हा चित्र हाती आले की प्रथम तलवार कोणत्या अंगाला आहे ते पाहावे, आणि मग बंदाकडे वळावे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. जुना अंगरखा आणि चालू पद्धतीचा सदरा यांत खरा भेद कोणता? रंग, जर, बंद हे सर्व वरवरचे भेद आहेत. खरा भेद काखेत आहे.

इंग्रजी पद्धतीच्या शिवणकामात खांद्याला शिवण असते, बाहीसाठी गोलाईचा मुंढा कापतात, आणि बाहीचे डोके त्या गोलाईत बसवितात. अंग उभे असताना हा काप नीटस दिसतो. जुन्या अंगरख्यात यांपैकी काहीही नसते. कापड खांद्यावरून दुमडून पुढेमागे सोडलेले असते, त्यामुळे खांद्याला शिवण येत नाही. बाही ही सरळ पट्टी असून ती सरळ रेषेतच जोडलेली असते. आणि जेथे बाही व अंग मिळतात तेथे, बगलेत, एक चौकोनी तुकडा कोनावर फिरवून बसविलेला असतो. हा वीतभराहूनही लहान तुकडा म्हणजे साऱ्या अंगरख्याचा जीव होय. तो असला म्हणजे हात डोक्यावर उचलला तरी अंगरखा जागचा हलत नाही. तो नसला म्हणजे हाताबरोबर सगळा घेर वर चढतो आणि काखेत कापड फाटते. ज्यांना घोड्यावर बसून तलवार चालवावयाची होती, त्यांच्यासाठी कोणता काप निघाला असेल हे सांगावयास नकोच. वाचकांनी घरच्या घरी प्रयोग करून पाहावा: चालू पद्धतीचा ‘शिवकालीन’ पोशाख अंगावर घालावा, आणि तलवार उपसल्याप्रमाणे उजवा हात वर न्यावा.

दुसरा भेद कापडाच्या पन्ह्याचा. हातमागावरचे कापड अरुंद असे; विणकराचे दोन हात धोटा जेवढा फेकू शकत तेवढाच त्याचा पन्हा. शिवाय कापड महाग. म्हणून जुन्या बेतणीत कात्रण उरू द्यावयाचे नाही हा पहिला नियम. घेर वाढवावयाचा तर कळ्या घालावयाच्या, आणि कळी काढावयाची तीही एका लांब पट्टीला तिरपा काप देऊन, म्हणजे एका पट्टीत दोन कळ्या निघतात. एकीचे अरुंद तोंड वर तर दुसरीचे खाली. एक फिरवून घेतली की जोडी जमली. प्रत्येक कळीची एक बाजू सरळ दोऱ्याची व दुसरी तिरक्या कापाची असते. जोडताना सरळ बाजू तिरक्या बाजूशी जोडावी, तिरकी तिरकीशी जोडू नये; कारण तिरका काप ओढ खातो, आणि दोन तिरक्या बाजू एकत्र आल्या की काही दिवसांत घेर जागोजाग लोंबू लागतो. हा नियम कोणत्याही ग्रंथात वाचून कोणी शिकलेला नाही. आमच्या घरातील वडीलधाऱ्यांनी तो आम्हांस एका वाक्यात सांगितला होता, आणि कारण विचारले असता “शिवून बघ” एवढेच उत्तर मिळाले होते.

बायकांच्या चोळीतही हाच हिशेब दिसतो. ‘खण’ हे कापडाचे नाव आहे तसेच ते मापही आहे. एका चोळीला पुरेल एवढे कापड म्हणजे खण. कर्नाटकातील गुळेदगुड्डचे खण महाराष्ट्रात घरोघर येत. पाठ, बाह्या, पुढचे दोन भाग आणि काखेचे तुकडे असे सर्व त्यातूनच निघत, काठ बाहीवर येत, आणि पुढे गाठ मारावयाची म्हणून गुंडी-काजाची गरज नसे. चोळीचे पोलके झाले आणि पोलक्याचे ब्लाऊज झाले, तेव्हा खणाचे कात्रण प्रथमच टोपलीत पडू लागले.

आमच्याकडे काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या घरातून जुना अंगरखा दुरुस्तीस आला होता. मलमल पिवळी पडलेली, एक बाही मनगटाशी विरलेली. बाही बरीच लांब होती, कारण ती मनगटावर मागे सारून तिच्या चुण्या पाडावयाच्या असत. ती लांबी पाहून अडाणी शिंपी कापूनच टाकील. आम्ही तो उलटा करून पाहिला तेव्हा आत असे दिसले की, डाव्या बगलेखालची एक कळी तीन निरनिराळ्या तुकड्यांनी सांधलेली होती. सांधे अशा ठिकाणी घेतलेले की बांधल्यावर वरचा पदर त्यांवर यावा. टाके हाताचे, इतके बारीक की टीप यंत्राची आहे काय असा प्रथम भास झाला. पण यंत्राची टीप मलमलीला ओढून धरते आणि शिवणीवर चुणी आणते, तशी चुणी कोठेही नव्हती. कापड पुरले नाही म्हणून मालकाला दुसरे आणावयास न सांगता त्या अज्ञात कारागिराने आपल्या अकलेने वेळ निभावून नेली होती. अंगरखा घातलेल्या माणसाची तसबीर त्या घरात आहे. शिवणाऱ्याची आठवण त्या कळीत आहे.

महाराष्ट्राच्या इतिहासापुरते पाहावयाचे तर चित्रांची साधने थोडी पण चांगली आहेत. १९३३ साली इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी शिवछत्रपतींचे विश्वसनीय चित्र महाराष्ट्रापुढे ठेवले. तोवर भलत्याच पुरुषाचे चित्र महाराजांचे म्हणून छापले जात होते. ॲम्स्टरडॅम आणि लंडन येथील संग्रहालयांत दक्षिणी शैलीची, महाराजांच्या निधनानंतरच्या दहा-पाच वर्षांतील चित्रे आहेत. त्यांत पायघोळ जामा, कमरेस पटका आणि डोईस मंदील असा पोशाख दिसतो. त्यात अतिरेकी झगमगाट नाही. सभासदाने आपल्या बखरीत अफजलखानाच्या भेटीच्या प्रसंगी महाराजांनी घातलेल्या वस्त्रांत जरीची कुडती, मंदील आणि चोळणा यांचा उल्लेख केलेला आहे. कुडती म्हणजे आखूड वस्त्र आणि चोळणा म्हणजे आखूड विजार. झुंजीच्या दिवशी पायघोळ जामा चालत नाही, हे उघड आहे. म्हणजे एकाच पुरुषाचे दरबारचे आणि मोहिमेचे पोशाख निरनिराळे होते. आमचे नाटकवाले मात्र त्यांना अफजलखानासमोर आणि सिंहासनावर एकाच जाम्यात उभे करतात.

पेशवाईच्या अखेरच्या काळासाठी जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराचे उपकार मानले पाहिजेत. १७९२ च्या सुमारास तो पुण्यास आला आणि सवाई माधवराव, नाना फडणीस आदींची चित्रे त्याने समोर बसवून काढली. तो १७९५ साली वारला. या चित्रांतील पांढरी तलम वस्त्रे पाहिली म्हणजे पेशवाईचा डौल रंगात नसून कापडाच्या तलमपणात आणि घेराच्या चुणीत होता, हे ध्यानात येते. आज तो डौल आम्ही गडद गुलाबी आणि जांभळ्या साटिनीत शोधतो. कृत्रिम रंगांपैकी पहिला जांभळा रंग विल्यम पर्किन याने १८५६ साली शोधला. त्यापूर्वी रंगाऱ्यापाशी मंजिष्ठ, आल, लाख, कुसुंबा, हळद, डाळिंबाची साल आणि नीळ एवढीच सामग्री होती, आणि तिचे रंग कितीही गडद झाले तरी डोळ्यांत खुपत नाहीत. जरीचीही तीच कथा. रेशमाच्या दोऱ्यावर सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार गुंडाळून जी जर होई तिला वजन असे, आणि त्या वजनाने पदर व घेर खाली ओढला जाई. हल्लीची प्लास्टिकची जर चमकते, पण लोंबत नाही.

रंगभूमीकडे वळू. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले, त्यात देवदानवांची सोंगे होती. त्यांना इतिहासाचे बंधन नव्हते. विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ हे नाटक १८६१ चे. पेशवाई जाऊन तेव्हा अवघी त्रेचाळीस वर्षे झाली होती. म्हणजे पेशव्यांचा दरबार स्वतः पाहिलेले वृद्ध तेव्हा हयात असतील, त्यांचे अंगरखे पेट्यांतून असतील, आणि ते शिवणारे हातही असतील. त्या काळच्या कपडेपटाला ऐतिहासिक पोशाख मुद्दाम शिवावा लागला असेल असे आम्हांस वाटत नाही. तो वापरातलाच होता. वसंत कानेटकरांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ १९६२ साली रंगभूमीवर आले, तेव्हा मात्र विचारावयास कोणी उरले नव्हते. या शंभर वर्षांत आपल्या घरातून कोट आला, सदरा आला, शिवणयंत्र आले. सिंगरने आपल्या यंत्राचे पेटंट १८५१ साली अमेरिकेत घेतले आणि पुढील दोन पिढ्यांत ते आपल्या ओसरीवर आले. यंत्राला सरळ लांब शिवण आवडते. बगलेचा चौकोन त्याला आवडत नाही, कारण प्रत्येक कोपऱ्याशी थांबून सुई कापडात ठेवून कापड वळवावे लागते. तो चौकोन नाहीसा होण्याचे खरे कारण हेच असावे असा आमचा तर्क आहे.

कपडेपटाची बाजूही लक्षात घेतली पाहिजे. नटाला दोन प्रवेशांच्या मध्ये पोशाख बदलावयाचा असतो, तेव्हा बारा बंद बांधीत कोण बसणार? म्हणून वर शोभेचे बंद आणि आत टिचबटणे लावतात. या लबाडीला आमची पूर्ण संमती आहे. प्रेक्षकाला ती दिसत नाही. पण बगलेचा चौकोन गाळणे ही लबाडी नव्हे, ते अज्ञान होय, आणि ते नटाला पहिल्याच तलवारबाजीत जाणवते. ‘जाणता राजा’ हे शेकडो पात्रांचे महानाट्य १९८५ पासून उघड्या मैदानावर होऊ लागले. तेथे घोड्यावर चढउतार आहे, धूळ आहे, घाम आहे. अशा ठिकाणी कापाचे गुणदोष लगेच उघडे पडतात.

चित्रपटांत कोल्हापूरकरांचे स्थान मोठे. बाबूराव पेंटर यांनी १९२३ साली ‘सिंहगड’ काढला, भालजी पेंढारकरांनी १९५२ साली ‘छत्रपती शिवाजी’ पडद्यावर आणला. हे चित्रपट काळ्यापांढऱ्यात निघत, त्यामुळे कापड निवडताना त्याच्या रंगापेक्षा ते दिव्याखाली किती उजळते याला महत्त्व येई. झगमगत्या कापडाची सवय रंगीत चित्रपटाने लावली असे समजतात. आमच्या मते ती त्याआधीचीच आहे. कोल्हापूरच्याच भानुमती राजोपाध्ये, म्हणजे पुढे जगाला ठाऊक झालेल्या भानू अथय्या, यांनी ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली जॉन मोलो यांच्यासमवेत ऑस्कर पारितोषिक मिळविले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. २०२० साली त्या निवर्तल्या. त्यांच्याच १९६६ सालच्या ‘आम्रपाली’ची वेशभूषा अजिंठ्याच्या चित्रांवरून घेतलेली असून ती अतिशय गाजली. सौंदर्याच्या दृष्टीने ती निर्दोष आहे. पण आम्रपाली बुद्धाच्या काळातील, आणि ती चित्रे इसवी सनाच्या पाचव्या शतकातील, म्हणजे मध्ये सुमारे एक हजार वर्षे. भरहूतच्या शिल्पांकडे गेले असते तर काळ पुष्कळ जवळ आला असता; मात्र रंग मिळाले नसते, आणि चित्रपटाला रंग हवे असतात. थोर कलावंतांनाही जेथे साधनापुढे वाकावे लागते तेथे आपल्यासारख्यांनी किती सावध असावे!

जुना काप अजून जिवंत कोठे आहे असे कोणी विचारील तर आम्ही त्याला मकरसंक्रांतीस सोलापूरला जावयास सांगू. श्रीसिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते, आणि ध्वज पेलणारे भक्त पांढरी स्वच्छ बाराबंदी घालून चालतात. उंच आणि जड काठी उभी तोलून धरावयाची असते, दोन्ही हात वर असतात, कमरेवर सारा भार येतो. तेथे चालू पद्धतीचा सदरा टिकणार नाही. हजारो बाराबंद्या दरवर्षी तेथे शिवल्या जातात, त्या कोणत्याही संग्रहालयासाठी नव्हे, अंगावर घालण्यासाठी. गोंधळ्याचा पायघोळ झगा, वासुदेवाचा घेरदार अंगरखा यांतही जुन्या जाम्याची आठवण टिकून आहे. देवाच्या कामासाठी म्हणून लोकांनी तो काप बदलू दिला नाही. राजेरजवाड्यांच्या वस्त्रांसाठी अहमदाबादचे १९४९ साली स्थापन झालेले कॅलिको वस्त्रसंग्रहालय आणि जयपूरच्या राजवाड्यातील संग्रह पाहण्याजोगे आहेत. जयपूरला सवाई माधोसिंह पहिले यांचा भव्य अंगरखा ठेवलेला आहे. तो पाहणारे राजाच्या देहाचे आश्चर्य करतात. आम्हांस त्याच्या शिंप्याने माप कसे घेतले असेल याचेच कुतूहल वाटले. पण काचेआडच्या वस्त्राला हात लावता येत नाही व ते उलटून पाहता येत नाही, ही या संग्रहांची मर्यादा आहे.

घरातील पेट्यांना ती मर्यादा नाही. आपल्या ज्ञातीत, आणि ज्यांच्यासाठी आपण पिढ्यान्‌पिढ्या शिवीत आलो त्या घरांत, जुने अंगरखे, बाराबंद्या, कुंच्या, खणाच्या चोळ्या अजून पडलेल्या आहेत. कसर आणि वाळवी त्यांची वाट पाहत आहे. कित्येकांची तर बोहारणीकडे केव्हाच रवानगी झाली. सबब आमची मंडळाच्या चालकांस अशी सूचना आहे की, कार्यालयात एक जाड वही उघडावी आणि ज्याच्या पाहण्यात असे वस्त्र येईल त्याने त्याची नोंद तीत करावी. वस्त्र स्वच्छ चादरीवर पसरावे, इस्त्री करू नये, धुऊ नये. कापडाचा पन्हा काठापासून काठापर्यंत मोजावा. तुकडे किती, कळ्या किती, कोणती बाजू सरळ आणि कोणती तिरकी, बगलेचा चौकोन किती तसूंचा, बंद कोणत्या अंगाला आणि किती, अस्तर आहे की नाही, हे लिहावे. एका इंचात टाके किती येतात ते भिंग लावून मोजावे. प्रत्येक तुकड्याची आकृती कागदावर काढून तिच्यावर दोऱ्याची दिशा बाणाने दाखवावी. सांधे जेथे असतील तेथे खूण करावी, ते लपवू नयेत. वस्त्र कोणाचे होते हे घरचे लोक सांगतातच. ते कोणी शिवले हेही विचारावे, आणि नाव मिळाल्यास तेही वहीत घालावे. शिवण मात्र कोणत्याही कारणाने उसवू नये.